लिही गं पोरी

रोज सकाळी चहाची किटली गॅसवर चढवली की नेबाहत मावशी लिंबाच्या कोलोनची बाटली काढायची. चार थेंब तळहातावर घेऊन हात एकमेकांवर चोळायचे, उरलेला ओलावा कापसाच्या बोळ्यावर टिपायचा आणि तो बोळा कीबोर्डच्या एकेका बटणावरून फिरवायचा. मग तो जड कीबोर्ड पालथा करून त्याच्या पाठीवर दोन थापा मारायच्या, दूध पाजल्यावर बाळाला ढेकर काढायला मारतात तशा. तिळाच्या पावाचे कण टेबलावर पडायचे. ते बोटाने टिपून ती खिडकीबाहेर कबुतरांना टाकायची.

मी तिच्या घराच्या अगदी खालच्या मजल्यावर राहायचे. त्या दोन थापा माझ्या छतातून ऐकू यायच्या. त्यानंतर थोडा वेळ शांतता, चहा मुरेपर्यंत. मग गारा पडाव्यात तसा आवाज सुरू व्हायचा. मावशीचं बोलणं सुरू झालेलं असायचं.

आमच्या एस्किशेहिर शहरातल्या कोर्टात नेबाहत मावशी तीसेक वर्षं कारकून होती. साक्षीदार उभा राहून बोलायचा, रडायचा, शेजाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. न्यायाधीश ऐकून घ्यायचे, हात वर करून त्याला थांबवायचे आणि खालच्या टेबलाकडे न बघता म्हणायचे, "लिही गं पोरी." पुढे दोन-तीन वाक्यं सांगायचे. मावशी तेवढीच लिहायची. केस पांढरे झाले तरी ती पोरच होती. शेवटी आलेला न्यायाधीश तर तिच्या भाच्याच्या वयाचा होता, तोही म्हणायचा, "लिही गं पोरी."

"मी जे लिहिलं त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं," ती एकदा मला म्हणाली होती, आवाज होता तेव्हा. "आणि ज्याच्या तोंडचं म्हणून लिहिलं, त्याचंही नव्हतं. माणूस म्हणायचा, 'साहेब, तिनं माझं घर जाळलं हो.' कागदावर जायचं, 'वादीने वैवाहिक जीवन असह्य झाल्याचे सांगितले.'"

"मग तुम्हाला काही वाटायचं नाही?"

"वाटायचं ना. घरी येऊन ह्याच्याशी बडबडायचे. कोर्टात गिळलेलं सगळं याच्या कानात."

'हा' म्हणजे तिचा नवरा, शेवकेत काका. रेल्वेच्या कारखान्यात लेथवर होते. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली, आणि मावशी निवृत्त झाली तोवर त्यांना खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं. त्याचं त्या दोघांनी फारसं दुःख केलं नव्हतं. मावशीला बोलायला लागायचं आणि काकांना कुणीतरी सांगायला हवं असायचं. मंडईत ती त्यांच्या कोपराला धरून चालायची आणि तोंडाचा पट्टा चालू असायचा. "टोमॅटोला हात लावू नकोस, मऊ पडलेत. समोरून हुल्या येतेय, नवा कोट घातलाय, विचारू नकोस कितीला घेतला, तासभर सांगेल. पायरी. अजून एक. ट्राम येतेय, थांब."

काका म्हणायचे, "डोळे होते तेव्हा मला या शहरातलं निम्मंसुद्धा दिसत नव्हतं."

मग मावशीच्या घशात गाठ निघाली. वसंत ऋतूत शस्त्रक्रिया झाली आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याला धरून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते दवाखान्याने देऊन पाहिलं. पण किरणोपचाराने तिचा गळा लाकडासारखा घट्ट झाला होता. यंत्र नुसतं माशीसारखं गुणगुणायचं.

त्या घरात आता एकाला दिसत नव्हतं आणि एकीला बोलता येत नव्हतं. ती मान हलवायची, ते त्यांना दिसायचं नाही. ती कागदावर लिहायची, ते त्यांना वाचता यायचं नाही. शेवटी टाळ्या ठरल्या. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"मीठ कुठंय?" काका स्वयंपाकघरातून विचारायचे. "वरच्या फळीवर?" दोन टाळ्या. "ओट्यावर?" दोन टाळ्या. "खिडकीत? फ्रिजमागे? तुझ्या खिशात?" मग त्यांचा आवाज चढायचा. "अगं मीठ विचारतोय, सरकारी गुपित नाही!"

एकदा ते चहा ओतत होते आणि बाहीचं टोक गॅसच्या ज्योतीवर आलं होतं. मावशी दारातून बघत होती. ओरडता येत नव्हतं. टाळ्या वाजवल्या तर काका म्हणाले, "काय नाही? मी काही विचारलंच नाही." तिने पायातली चप्पल काढून फेकली. ती त्यांच्या कानावर बसली, ते दचकून मागे सरले आणि बाही वाचली. संध्याकाळी मी खीर घेऊन वर गेले तेव्हा काका मला सांगत होते, "एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बायकोचा मार खाल्ला, गोंजा. नेम चांगला आहे तिचा." मावशी हसली, आवाज न करता. मग वळून खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. काकांना ते दिसलं नाही. ते अजून चपलेबद्दलच बोलत होते.

अंकाऱ्याच्या भाच्याने एक लॅपटॉप पाठवला. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारा. मावशी टाइप करेल, यंत्र बोलेल, काका ऐकतील. कल्पना फार चांगली होती.

पण मावशीची बोटं बटणांच्या एफ मांडणीवर तयार झालेली. सरकारी कचेऱ्यांतले जुने लोक सगळे त्याच मांडणीवर शिकले. ती आमच्या तुर्की भाषेसाठी बेतलेली, सारखी लागणारी अक्षरं बोटाखाली येतात. बाजारातल्या लॅपटॉपवर मात्र क्यू मांडणी असते. भाच्याने सेटिंग बदलून दिलं होतं, पण छापलेली अक्षरं एक आणि उमटणारी दुसरीच, आणि त्याहून वाईट म्हणजे औषधांनी मावशीच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. चपट्या, गुळगुळीत बटणांवर बोट पोचलं की नाही, दाबलं गेलं की नाही, तिला कळायचंच नाही. तिने पहिल्यांदा "शेवकेत, ऐकू येतंय का" असं लिहिलं, तेव्हा यंत्रातली बाई घशात हाड अडकल्यासारखं काहीतरी म्हणाली.

काकांनी कान टवकारले. "ही परदेशी आहे का?"

मावशीने लॅपटॉप मिटला. मग उठून ती स्टुलावर चढली आणि कपाटावरून एक गाठोडं खाली ओढलं. कोर्टात नवी यंत्रं आली तेव्हा जुनी भंगारात निघाली होती. तेव्हा साहेबांची परवानगी घेऊन तिने स्वतःचा कीबोर्ड घरी आणला होता. पिवळट पडलेला, पाटावरवंट्यातल्या पाट्यासारखा जड. प्रत्येक बटणाखाली खरी स्प्रिंग. मावशीने बधिर बोटाने एक बटण दाबलं. खट्. तिने माझ्याकडे बघितलं आणि आपल्या मनगटाला हात लावून दाखवला. धक्का तिथपर्यंत पोचत होता.

पण त्याच्या वायरीच्या टोकाला पाच काड्यांचा गोल जाड प्लग होता. असलं भोक आता कुठल्याच यंत्राला नसतं. मी इंटरनेटवरून एक जोड, म्हणजे अडॅप्टर, मागवला. गोल प्लग त्यात बसला, दुसरं टोक लॅपटॉपमध्ये बसलं, आणि काहीच झालं नाही. कीबोर्ड मेल्यासारखा पडून राहिला.

इल्हामी उस्ता म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारे जुने कारागीर. त्यांचं दुकान बाजारातल्या एका तळघरात आहे. पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायचे, आता टीव्हीचे रिमोट आणि दुकानदारांची बिलाची यंत्रं. मावशी, काका आणि मी तिघं गेलो. कीबोर्ड टॉवेलमध्ये गुंडाळून काकांनी छातीशी धरला होता.

"नेबाहत हानिम!" उस्ता आदराने उभे राहिले. "तुमच्या कोर्टाची यंत्रं मीच बघायचो. बसा, बसा. काय म्हणता?"

मावशीने गळ्यावरचा रुमाल किंचित बाजूला केला. उस्तांनी बघितलं, आणि न बोलता चहावाल्याला तीन बोटं दाखवली.

मी जोडाची गोष्ट सांगितली.

"प्लग बदलून काय होतंय," उस्ता म्हणाले. "हा जुन्या काळचा. हा जे सांगतो ते नव्या यंत्राला समजत नाही. मधे दुभाष्या बसवायला लागेल. नखाएवढं सर्किट असतं, याचं ऐकेल आणि त्याला कळेल असं सांगेल. आतच बसवतो, बाहेर लोंबायला नको." त्यांनी कीबोर्ड उचलून कानाशी हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. "आणि याच्या पाठीच्या प्लॅस्टिकच्या खिळ्या तुटल्यात. स्प्रिंगा सैल झाल्यात. भोकं पाडून बारीक बोल्ट घालतो."

"बोल्ट किती जाडीचे?" काकांनी विचारलं.

"अहो शेवकेत बे, इंजिन नाही जोडत आहोत."

"मी आपलं विचारलं."

"दोन मिलिमीटर."

"बरं," काका म्हणाले, जणू त्यांनी पास केलं.

उस्तांनी अजून एक सुचवलं. आत पातळ फोम घातला तर आवाज निम्म्याने कमी होईल. "घरात वापरायचा आहे. शेजारीपाजारी असतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मावशीने काकांच्या हातावर दोनदा थोपटलं.

"नाही म्हणतेय," काका म्हणाले. "आणि मीही नाही म्हणतो. मला कळायला नको का, ती बोलायला लागली ते?"

ते काम व्हायला बराच काळ गेला. तोवर उस्तांच्या सांगण्यावरून मावशीने सगळी बटणं काढून साबणाच्या पाण्यात भिजवली आणि गच्चीत टॉवेलवर उन्हात मांडली. काका शेजारी काठी घेऊन बसायचे, कबुतरं हाकलायला. त्यांना कबुतरं दिसत नव्हती. ते दर थोड्या वेळाने हवेत काठी फिरवायचे आणि मावशी एक टाळी वाजवायची.

कीबोर्ड परत आला त्या दिवशी उस्ता स्वतः आले होते. वरच्या कोपऱ्यातलं एक बटण, जे जुन्या काळीही कुणी वापरत नसे, त्यावर त्यांनी हिरवा ठिपका लावला होता. ते दाबलं की लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचलं जाईल.

मावशी टेबलाशी बसली. पाठ ताठ, मनगटं उचललेली. कोर्टात बसायची तशीच. काका समोरच्या खुर्चीत, हनुवटी थोडी पुढे काढून. उस्ता आणि मी भिंतीशी उभे.

काहीच झालं नाही. वायर नीट होती, दिवा लागला होता. मावशीची बोटं बटणांवर होती आणि हलत नव्हती. तिचा चेहरा लाल झाला. तिने माझ्याकडे बघितलं, मग उस्तांकडे. आयुष्यभर त्या बटणांवर तिने स्वतःहून एक शब्द उमटवला नव्हता. कुणीतरी सांगायचं, मग ती लिहायची. बोटं सांगण्याची वाट बघत होती.

"बिघडला का?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही," उस्ता म्हणाले. "सुचत नाहीये बहुतेक."

 काका खुर्चीत मागे रेलले, हात वर केला आणि घसा खाकरून मोठ्या साहेबी आवाजात म्हणाले, "लिही गं पोरी!"

मावशीचे खांदे हसण्याने गदगदले. आणि गारा पडायला लागल्या. एवढ्या वेगाने की उस्ता एक पाऊल पुढे आले. तिने हिरवं बटण दाबलं. यंत्रातली बाई स्पष्ट म्हणाली, "विचारले असता, नवरा मूर्ख असल्याचे सांगितले."

उस्ता इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

तेव्हापासून वरच्या मजल्यावर रोज कोर्ट भरायचं. मावशीला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने लिहिताच येत नव्हतं. बोटं आपोआप त्या वळणावर जायची. "सूप नको असल्याचे नमूद केले." "सदर इसमाने मोजे पलंगाखाली टाकल्याचे निदर्शनास आले." "वर नमूद शेजारीण जिन्यात भेटली व तिने नेहमीप्रमाणे वेळ खाल्ला."

काका वैतागायचे. "कुणी नमूद केलं? कुणाच्या निदर्शनास? घरात तू आणि मीच आहोत ना?" आणि कधीकधी स्वतःच सांगायला लागायचे, "लिही गं पोरी: शेवकेत हा एस्किशेहिरातला सर्वांत देखणा पुरुष आहे, असे पत्नीने शपथेवर सांगितले." लगेच खडखडाट, आणि यंत्रातली बाई: "हरकत. साक्ष खोटी."

मंडईत मात्र ती अजूनही मुकीच असायची. कीबोर्ड काही कोपराखाली घेऊन फिरता येत नव्हता. ती सगळं बघून यायची आणि घरी आल्यावर कोट न काढता टेबलाशी बसून सांगायची, टोमॅटो, हुल्या, ट्राम, सगळं, उशिराने.

शरद ऋतूत तपासणी होती. तिच्याबरोबर मी गेले. काकांना ती नको म्हणाली होती, रांगेत उभं राहून त्यांचे गुडघे दुखतात म्हणून. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. आजार फुप्फुसात परतला होता. अजून उपचार करता येतील, तो म्हणाला, पण त्याने काय साधेल हे त्याने लपवलं नाही. मावशी त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या बोटांकडे बघत होती. तो दोन बोटांनी टाइप करत होता.

परतीच्या ट्राममध्ये तिने माझा हात ओढून घेतला आणि तळहातावर बोटाने अक्षरं काढली. एकेक अक्षर, शब्द संपला की मुठीत बंद करून. शेवकेतला सांगू नकोस. मी बोलेन.

त्यानंतर माझ्या छतातून गारांचा आवाज आला नाही. सकाळच्या दोन थापा यायच्या आणि पुढे काही नाही. आठवडा उलटला असेल. एका दुपारी दारावर काठी वाजली. शेवकेत काका कठड्याला धरून एकटेच खाली आले होते.

"पोरी, कीबोर्ड बिघडलाय वाटतं."

मी दार पूर्ण उघडलं.

"ही पुन्हा टाळ्यांवर आलीय. मी विचारलं, बिघडला का? तर दोन टाळ्या. मग बोलत का नाहीस? तर काहीच नाही." ते दारातच उभे होते. "इल्हामीला फोन कर ना. बोल्ट सैल झाला असेल. मी तेव्हाच म्हणालो होतो, दोन मिलिमीटर कमी पडतील."

"बघते काका," मी म्हटलं, आणि त्यांना धरून वर नेलं.

मावशी टेबलाशीच बसलेली होती. काका बाल्कनीत गेल्यावर मी तिला म्हटलं, "मावशी, त्यांना वाटतंय कीबोर्ड बिघडला." तिने लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि हळू, जपून लिहिलं. मी पडद्यावर वाचलं: "वाईट निकाल साहेब वाचायचे. मी नुसती लिहायचे."

मी जायला निघाले तर तिने माझी बाही धरली. मला बस म्हणाली, खुणेने. मग टेबलावर हाताने मारलं, जोरात. काका बाल्कनीतून आत आले आणि चाचपडत आपल्या खुर्चीत बसले.

"अरे वा! बसला का बोल्ट?"

खडखडाट झाला. नेहमीसारखा वेगवान, एकही अडखळ नाही. हिरवं बटण.

"विचारले असता," यंत्रातली बाई म्हणाली, "सदर स्त्रीने आजार परतल्याचे सांगितले. तसेच डॉक्टरांनी सुचविलेले पुढील उपचार घेण्याची इच्छा नसल्याचे नमूद केले. याबाबत अन्य काही सांगावयाचे नाही."

काकांचा हात चहाच्या पेल्यावर होता. तो तिथेच राहिला. खाली रस्त्यावरून ट्राम गेली.

"कोण स्त्री?" ते म्हणाले.

मावशीची बोटं बटणांवरच होती.

"मला ही नोंद मान्य नाही. खोडून टाक." त्यांचा आवाज फाटला. "मी साहेब नाहीये, नेबाहत. माझ्याशी माणसासारखं बोल."

 मावशीने लिहिलं, पण या वेळी सावकाश, एकेक बटण शोधत असल्यासारखं, जणू तिला टाइप करता येतच नव्हतं. यंत्रातली बाई हवामानाचा अंदाज सांगावा तशी म्हणाली:

"शेवकेत, मी थकले. मला सुया नकोत. मला इथे तुझ्याजवळ राहायचंय."

"हिला गप्प कर," काका म्हणाले. "या बाईला बंद कर. तू नुसतं टाइप कर. मी ऐकतो."

मावशीने आवाज बंद केला आणि लिहायला लागली. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले, लेथवर ठेवायचे तसे. टेबल थरथरत होतं. मी उठून दार ओढून घेतलं आणि खाली आले. दुपारभर छतातून आवाज येत राहिला. कधी जोरात, कधी थांबून थांबून. एकदा काकांचा आवाज आला, "हो, आठवतंय," आणि पुन्हा गारा. तिने काय लिहिलं ते मला माहीत नाही. काकांनाही माहीत नाही. पुढे मी विचारलं तर ते म्हणाले, "मी तिथेच होतो ना."

त्यानंतर कोर्ट बंद झालं. मावशी साधं बोलायला लागली, आपल्या आवाजात असती तर बोलली असती तसं. मी, तू, आपण. ती पूर्वीसारखीच भांडायची आणि तशीच लोकांची उणीदुणी काढायची.

हिवाळ्यात तिच्या हातांतली शक्ती जायला लागली. ज्या जड स्प्रिंगांमुळे बधिर बोटांना बटण कळत होतं, त्याच आता दाबता येईनात. इल्हामी उस्ता घरी आले. बरोबर एक नवा, मऊ बटणांचा कीबोर्ड आणला होता. मावशीने तो वापरून पाहिला आणि मान हलवून बाजूला सारला. तिला त्याच्यावर आपली बोटं सापडत नव्हती. मग उस्तांनी दुभाष्या सर्किटला लॅपटॉप जोडून काहीबाही बदललं. बोट दमून बटणावर टेकून राहिलं तरी अक्षर पुन्हा पुन्हा उमटू नये अशी सोय केली.

"वरची ही रांग रिकामीच असते," ते म्हणाले. "एकेका बटणात अख्खं वाक्य भरून देतो. एक दाबलं की 'पाणी दे'. एक दाबलं की 'दुखतंय'. तुम्ही सांगा, मी भरतो."

मावशीने लिहिलं आणि यंत्रातली बाई म्हणाली, "नको. दुसऱ्याने सांगितलेली वाक्यं पुष्कळ लिहिली."

"एक तरी घ्या. कामाला येईल."

तिने विचार केला. "बरं. एक भरा. 'गाढवा.'"

"हे माझ्यासाठी का?" काका म्हणाले.

त्या बटणावर उस्तांनी लाल ठिपका लावला. तेच सगळ्यात जास्त वापरलं गेलं. माझ्या छतातून आता गारा येत नव्हत्या. एक खट्. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. आणि मधूनच त्या बाईचा सपाट आवाज, "गाढवा," आणि त्यावर काकांचं उत्तर, "काय हुकूम?"

फेब्रुवारीत एका पहाटे तिला श्वास घेता येईना. रुग्णवाहिका आली. दवाखान्यात काका तिचा हात धरून बसले होते, आणि हातानेच त्यांना कळलं. हे मला त्यांनीच सांगितलं. बर्फ पडत होता. दफन लवकर उरकलं; रस्ते गोठलेले होते आणि माणसं एकमेकांना धरून चालत होती.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी आम्ही शेजारणींनी मिळून हलवा केला. लोक येत होते, काकांच्या शेजारी बसत होते, आणि कुणीतरी विचारायचंच, शेवटी काही बोलली का हो? निरोपाचं काही? काका म्हणायचे, "बोलली ना." आणि त्यांना त्या शेवटच्या दुपारबद्दल सांगायचे. ऐकून माणसं थोडी गोंधळायची आणि हलव्याकडे वळायची.

त्या दुपारी मीही होते. मावशीला उशांच्या आधाराने खिडकीशी बसवलेलं होतं, समोर छोटं टेबल, त्यावर कीबोर्ड. मी पांढऱ्या घेवड्याची पातळ भाजी आणि भात वर नेला होता. काका आपलं ताट घेऊन बसले, दोन घास खाल्ले आणि तोंडी लावायला काहीतरी शोधायला उठून स्वयंपाकघरात गेले. आतून बरण्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज यायला लागला. मी उठणार होते, पण मावशीने हात वर करून मला बसवलं. मग उजव्या हाताच्या एकाच बोटाने तिने लिहायला सुरुवात केली. प्रत्येक बटणाला खांद्यापासून जोर लावत होती. मधे दोनदा थांबून तिने श्वास घेतला. आत बरण्या वाजतच होत्या. शेवटी तिने हिरवं बटण दाबलं.

"कोबीचं लोणचं वरच्या फळीवर आहे, डाव्या हाताला. झाकण घट्ट बसलंय, फडक्याने धरून उघड."